परसातला शेवगा छाटताना

झाडे लावा, झाडे जगवा, असे आपण मुलांना सांगतो. पण दारातले झाड हाताबाहेर वाढले तर काय करावे, हे कोणी सांगत नाही. हा प्रश्न आम्हाला पडला तो दौंड तालुक्यातील खुटबावला, आमच्या आत्याच्या घरी.

पुणे-दौंड रेल्वेवरचे हे गाव. तालुका कमी पावसाचा. तरी मोरीच्या पाण्यावर आत्याच्या परसातला शेवगा पत्र्याच्याही वर गेला होता. मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने त्याची मांडीएवढी फांदी मोडून पत्र्यावर पडली. त्या पत्र्याखाली नातवंडे झोपतात. त्या दिवशी ती लग्नाला गेली होती म्हणून वाचली.

आत्याचा मुलगा कुऱ्हाड घेऊन निघाला. आत्या आडवी आली. म्हणाली, "आमच्या सासूबाईंच्या हातचं झाड हाय. ह्याच्याच शेंगा इकून त्यांनी पोरांच्या वह्या-पुस्तकं घेतली. तोडू नगंस."

खरे तर दोघांचेही बरोबर होते. दारात शेवगा नसावा, असे जुनी माणसे म्हणतात. त्यात शुभ-अशुभ काही नाही. शेवग्याचे लाकूड मऊ आणि ठिसूळ. वाऱ्यात फांदी मोडते, एवढेच. पण बुंधा ठेवून छाटला तर तो पुन्हा फुटतो. शेवग्याचे शेतकरी शेंगांचा बहार संपला की झाड तीन-चार फुटांवर छाटतातच. मग आम्हीही तेच केले.

वाचकहो, हे काम करताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. विजेची तार फांद्यांतून जात असेल तर आधी वायरमनला बोलावून वीज बंद करून घ्या. शेवग्यावर चढू नका, शिडी लावा. जड फांदीला दोर बांधून ती घरापासून दूर ओढून धरा.

फांदी एका घावात तोडू नये. बुंध्यापासून फूटभर अंतरावर आधी खालून थोडी करवत चालवावी, मग त्याच्या जरा पुढे वरून कापावे. म्हणजे फांदी पडताना बुंध्याची साल सोलून नेत नाही. उरलेले खुंट नंतर फांदीच्या बुडाशी फुगवटा असतो, त्याच्या बाहेरून कापावे.

जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे. त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालावा. मोरचूद विषारी आहे, मुलांना जवळ येऊ देऊ नये.

लिंबाचे सरळसोट वाढणारे पाणसोट आणि पेरूच्या दाटलेल्या फांद्याही अशाच काढाव्यात. पेरूला फळ नव्या फुटीवर धरते. आंबा, चिंच, फणस, जांभूळ मात्र मुळापासून तोडायचे असेल तर १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आणि भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला, तर बोधिवृक्ष म्हणून तो तिथेच वाढू देऊ नका. लहान असतानाच पावसाळ्यात मुळासकट काढून विहाराच्या मोकळ्या जागेत, भिंतीपासून दूर लावा. भिंतही वाचेल आणि झाडही.

खुटबावला दिवसभरात काम उरकले. नुसता बुंधा उरलेला पाहून आत्या त्या रात्री नीट जेवली नाही. पण तोडलेल्या फांद्यांचे हातभर तुकडे तिने सावलीत ठेवले होते. शेवगा फांदीपासूनही लागतो. पहिला पाऊस पडल्यावर शेजारच्या बायका ते तुकडे घेऊन गेल्या आणि आपापल्या परसात रोवले.

पावसाळा सरताना आम्ही पुन्हा गेलो. बुंध्याला चहूबाजूंनी कोंब फुटले होते, आत्याच्या हाताला पाला लागत होता. तिने आम्हाला त्याची भाजी आणि भाकरी वाढली. आणि शेजारणीच्या दारातला कोवळा शेवगा दाखवून म्हणाली, "त्यो बी सासूबाईंचाच."