जुना डाउनरिगर घेताना: ‘चार स्क्रू मारले की झालं’ हा गैरसमज

‘मशीन स्वस्तात मिळालं ना, मग बैठकीचं एवढं काय? चार स्क्रू मारले की झालं.’

मिशिगन सरोवराच्या आसपास मासेमारीचं जुनं सामान घेणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ते खोडून काढायलाच हवं. शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट, टोरोंटो या पट्ट्यातल्या मराठी मंडळींतही छोटी बोट बाळगणारे आहेत. त्यातल्या काहींनी लहानपणी कोकणातल्या खाडीवर गरवलेलं असतं, काहींनी इथे आल्यावरच गळ हातात धरलेला असतो. हंगाम संपला की बोटी पाण्याबाहेर निघतात, गॅरेजमधलं सामान विक्रीला येतं आणि निम्म्याहून कमी किमतीत डाउनरिगर मिळतो. जुना घेण्यात काहीच चूक नाही. चांगला सांभाळलेला डाउनरिगर वर्षानुवर्षं काम देतो. पण खरेदीचा सगळा वेळ मोटर तपासण्यात जातो आणि जिच्यावर ती मोटर उभी राहणार, त्या बैठकीकडे कुणी वळून पाहत नाही.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डाउनरिगर बोटीच्या काठावर बसवतात. त्याच्या ड्रमवर बारीक पोलादी तार गुंडाळलेली असते. तार एका लांब दांड्याच्या टोकाशी असलेल्या कप्पीवरून पाण्यात उतरते आणि तिच्या टोकाला साधारण साडेचार किलोचा शिशाचा गोळा असतो. गळाची दोरी एका चिमट्याने तारेला अडकवायची, गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा आणि बोट सावकाश चालवत आमिष ओढत राहायचं. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते आणि मासा थेट काठीवर खेळवता येतो.

एवढा खटाटोप कशासाठी? उन्हाळ्यात सरोवराचा वरचा थर तापतो आणि सामन मासे खालच्या थंड थराशी, साधारण १० ते १३ अंश सेल्सियसच्या पाण्यात राहतात. तिथवर नुसता गळ सोडून आमिष एका ठरावीक खोलीवर धरून ठेवता येत नाही. हे सामन इथले मूळचे नव्हेत. १९६६ साली मिशिगन राज्याने हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने प्रशांत महासागराकडचा कोहो सामन इथल्या पाण्यात सोडला आणि पुढच्या वर्षी चिनूक सोडला. या माशांमागे लागूनच डाउनरिगर इथल्या ग्रेट लेक्स सरोवरांवर रुळला.

आता मूळ गैरसमजाकडे.

गैरसमज: बैठक म्हणजे नुसती एक प्लेट. साडेचार किलोचा गोळा तोलायला असं किती बळ लागतं?

वस्तुस्थिती: बैठकीवर येणारा भार गोळ्याच्या वजनावर ठरत नाही. गोळा अडकला की काय होतं, यावर तो ठरतो.

हिशोब अवघड नाही. दांडा चार फुटी, म्हणजे १.२ मीटर धरू. बैठकीच्या बोल्टांच्या दोन ओळींत १० सेंटिमीटर अंतर आहे असं समजू. दांडा इथे पहारीचं काम करतो: टोकाशी आलेला भार बोल्टांपाशी बारा पट होऊन पोचतो. शांत पाण्यात साडेचार किलोचा गोळा लटकत असताना आतल्या ओळीतल्या दोन बोल्टांवर मिळून साधारण ५४ किलोची उपटणारी खेच येते, म्हणजे एकेकावर २७ किलो. फायबरग्लासमध्ये मारलेला साधा स्क्रूही एवढं सोसतो. हा गैरसमज जिवंत राहिला आहे तो याच कारणाने. चार फेऱ्या सुरळीत पार पडतात आणि माणसाला वाटतं, स्क्रू पुरेसे आहेत.

मग एक दिवस गोळा तळाच्या खडकात अडकतो. बोट दीड टनाची आणि ती चालती आहे. तारेवरचा ताण वाढत जातो आणि तो कुठेतरी थांबावाच लागतो. एकतर ड्रमला धरून ठेवणाऱ्या क्लचने सुटून तो फिरू द्यावा, नाहीतर तार तुटावी, नाहीतर बैठक उपटावी. नेहमीच्या वापरातली पोलादी तार १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची असते. क्लच जाम असेल आणि लाट बोटीला वर उचलत असेल, तर तार तुटेपर्यंत दांड्याच्या टोकावर ६८ किलो येतात. बारा पटीने त्या दोन बोल्टांवर मिळून आठशे किलोंच्या वर, एकेकावर चारशे. हा आकडा ऐकल्यावर तरी ‘चार स्क्रू’ म्हणणं थांबावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘आम्ही खराब हवेत जातच नाही’, असं यावर उत्तर मिळतं. मिशिगन सरोवर २८१ मीटरपर्यंत खोल आहे आणि तिथली हवा तासाभरात पालटू शकते. २३ सप्टेंबर १९६७ रोजी, कोहोची पहिली लाट आलेली असताना, शेकडो छोट्या बोटी पाण्यात होत्या. अचानक उठलेल्या वादळात किमान सात जण बुडाले. तो अपघात डाउनरिगरमुळे झाला नव्हता. पण बोटीवरची प्रत्येक जोडणी शांत सकाळच्या मापाने करणाऱ्यांनी तो दिवस लक्षात ठेवावा. तळाशी अडकलेली तार छोट्या बोटीचा एक काठ लाटेकडे ओढून धरू शकते. म्हणून तार कापायची पक्कड हाताशी हवी, पेटीच्या तळाशी नको.

मग जुनी बैठक पाहायची कशी? विक्रेत्याने ती बोटीवरून काढून ठेवलेली असेल तर उत्तमच, कारण तिची खालची बाजू दिसते. बोल्टांची भोकं गोल आहेत की लांबट झाली आहेत, ते आधी बघा. लांबट भोक म्हणजे बैठक आधी कधीतरी जोरात हिसकली गेली आहे. भोकांच्या कडेला केसासारख्या भेगा आहेत का, नख फिरवून पाहा. प्लास्टिकच्या बैठका आणि दांडे वर्षानुवर्षं उन्हात राहिले की पांढुरके, खडूसारखे होतात. असा भाग दिसला तर भाव करू नका, सोडून द्या. फिरती बैठक असेल तर दांडा बसवून टोकाला हाताने हलवा. टोकाशी दोन-तीन इंचांचा खुळखुळा जाणवला तर आतली पकड झिजली आहे. अडकवायची पिन मूळची आहे की तिच्या जागी खिळा घातला आहे, हेही पाहा. स्टीलच्या नळीच्या कठड्यावर आवळायची बैठक असेल, तर तिचं बळ त्या नळीच्या आणि नळीच्या पायाच्या बळाहून जास्त कधीच नसतं.

पुढचा प्रश्न तुमच्या बोटीचा. बैठक नवीकोरी असली तरी ती बोटीत कशी बसते, यावर सगळं आहे. बोल्ट आरपार जायला हवेत आणि खालून जाड अॅल्युमिनियमची किंवा तशाच मजबूत पदार्थाची आधारपट्टी हवी, म्हणजे भार चार बिंदूंवर न येता मोठ्या भागावर पसरतो. फायबरग्लासच्या कित्येक बोटींच्या डेकमध्ये दोन थरांच्या मधे बाल्सा लाकूड असतं. त्यात नुसतं भोक पाडून बोल्ट आवळला तर लाकूड दबतं, फटीतून पाणी शिरतं आणि आतून कुजायला लागतं. भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं, ते घट्ट झाल्यावर त्यातून बोल्टाच्या मापाचं भोक पाडायचं आणि सीलंट लावून आवळायचं. डॉन केसी यांचं ‘धिस ओल्ड बोट’ हे जुन्या बोटींच्या दुरुस्तीचं पुस्तक डेकवरचं सामान बसवण्याबद्दल तपशिलात सांगतं. शंका असेल त्याने ते उघडावं. अॅल्युमिनियमच्या बोटीचा काठ पातळ पत्र्याचा असतो आणि तो लवतो. तिथे आधारपट्टीला पर्यायच नाही.

आणि क्लच. बैठकीचा खरा रक्षक तोच. विक्रेत्यासमोरच तो सैल करून आवळून पाहा. गोळा लटकवल्यावर ड्रम जागेवर राहायला हवा, पण तार हाताने जोरात ओढली तर ड्रम न अडखळता फिरायला हवा. जो ड्रम कशालाच सुटत नाही, त्याची पकड ‘चांगली’ आहे असं विक्रेता म्हणेल. तुम्ही ते मान्य करू नका. तार तुटण्याच्या कितीतरी आधी क्लचने सुटायलाच हवं.

आता बाकीचे समज, थोडक्यात.

‘मोटर फिरली म्हणजे मशीन चांगलं.’ टेबलावर भाराविना कुठलीही मोटर फिरते. गोळा लावून वर खेचायला लावा आणि आवाज ऐका. घरी आणल्यावर ती मंद वाटली तर आधी बॅटरीपासूनच्या वायरी तपासा, कारण १२ व्होल्टवर बारीक आणि लांब वायर मोटरपर्यंत पुरतं व्होल्टेज पोचूच देत नाही. फ्यूज किंवा ब्रेकर बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा.

‘स्टेनलेस गंजत नाही.’ स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकायला प्राणवायू लागतो. बैठकीखाली खारं पाणी कोंडून राहिलं की तिथे तो थर तुटतो आणि बोल्ट आतून खाल्ला जातो. शिवाय स्टेनलेसचा बोल्ट अॅल्युमिनियमच्या पट्टीत ओला राहिला तर खंगतं ते अॅल्युमिनियम. पांढरी पूड दिसली की समजा. समुद्रावर वापरलेलं सामान आणि सरोवरावर वापरलेलं सामान एका भावाचं नव्हे. ते कुठल्या पाण्यात होतं, हे स्पष्ट विचारा.

‘तार पोलादी आहे, ती कशाला बदलायची?’ एखादा तंतू सुटलेला दिसला किंवा एक जरी पीळ पडलेला असला तर बदलायची. तार तपासताना जाड हातमोजे घाला.

‘काउंटरवर शंभर म्हणजे गोळा शंभर फुटांवर.’ काउंटर सुटलेली तार मोजतो, खोली नाही. चालत्या बोटीमागे तार तिरकी होते. ती उभ्या रेषेपासून ३० अंशांनी कलली तर शंभर फूट तारेवर खोली साधारण ८७ फूट, ४५ अंशांनी कलली तर ७१. वेग ताशी दोन मैलांवरून तीनवर नेला की पाण्याचा रोध सव्वादोन पट होतो. त्यातच ड्रमवर मुळापेक्षा कमी तार भरलेली असेल, तर दर फेऱ्याला सुटणारी लांबीही कमी, कारण बरेच काउंटर फेरे मोजतात. अंगणात तार पसरून टेपने एकदा पडताळून घ्या.

‘वजन सारखं तर लोखंडाचा गोळाही तोच.’ पाण्यात शिशाचं वजन सुमारे ९ टक्के घटतं, लोखंडाचं सुमारे १३. लोखंडी गोळा आकारानेही मोठा, म्हणून मागे जास्त ढकलला जातो.

‘शिशावर बंदी आहे, हे गोळे बेकायदा.’ कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांतला नियम ५० ग्रॅमहून हलक्या शिशाच्या वजनांसाठी आहे आणि न्यू यॉर्क राज्याची विक्रीबंदी अर्ध्या औंसापर्यंतच्या वजनांवर. पक्षी गिळतात ती ही छोटी वजनं. तरीही शिसं विषारीच. प्लास्टिकचं आवरण असलेला गोळा घ्या आणि हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

‘तारेतून सूक्ष्म वीज सोडणारं मॉडेल मासे ओढतं, त्याला जास्त पैसे द्यावेत.’ पाण्यातल्या वेगवेगळ्या धातूंमुळे तारेवर एका व्होल्टहून कमी दाब असतो, हे खरं. पण शार्क किंवा मागूर यांच्या कातडीत वीज ओळखणारे जे खास अवयव असतात, ते सामनमध्ये नाहीत. निव्वळ या सोयीसाठी जादा किंमत मोजू नका.

‘कुठल्याही कंपनीची बैठक कुठल्याही डाउनरिगरला चालते.’ कॅनन, स्कॉटी, बिग जॉन यांच्या बैठकांची मापं वेगळी आहेत. जोडपट्ट्या मिळतात, पण त्यांचा खर्च आधी धरा. बैठक बोल्टांसकट मागून घ्या.

‘जुनं सामान पुसून घेतलं की झालं.’ ग्रेट लेक्समध्ये १९८० च्या दशकात शिरलेला काटेरी पाणपिसू गोळे करून डाउनरिगरच्या तारेला चिकटतो आणि तारेसोबत दुसऱ्या तळ्यात पोचतो. मिनेसोटाचा नैसर्गिक संसाधन विभाग कढत पाण्याने धुवायला किंवा किमान ५ दिवस वाळवायला सांगतो. दुसऱ्याच्या तळ्याचं नुकसान आपल्या हातून होऊ नये, यासाठी पाच दिवस थांबणं अजिबात जड नाही.

खरेदीला जाल तेव्हा क्रम उलटा ठेवा. आधी बैठक, मग क्लच, मग तार, सर्वांत शेवटी मोटर. मोटर बिघडली तर ती दुरुस्त होते, फार तर मासे न घेता परतावं लागतं. बैठक उपटली तर दांडा, तार आणि गोळा यांच्या वाटेत बोटीवरचं कुणीतरी माणूस असतं, बहुतेक वेळा आपल्याच घरातलं. जुन्या मशीनवर वाचलेल्या पैशांतला पहिला वाटा नव्या बोल्टांना आणि आधारपट्टीला द्या. तेवढं केल्याशिवाय पुढच्या हंगामात गोळा पाण्यात सोडू नका.