फ्लोरिडातील वैद्यकीय गांजा कार्ड : पात्रता राज्याची, अडसर संघराज्याचा

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात उपचारासाठी गांजा घ्यावयाचा असल्यास राज्याच्या आरोग्य विभागाचे ओळखपत्र अनिवार्य आहे. २०१६ मध्ये ७१ टक्के मतदारांनी या व्यवस्थेला कौल दिला. कर्करोग, अपस्मार, काचबिंदू, पार्किन्सन, एचआयव्ही आदी व्याधींचे रुग्ण त्यास पात्र ठरतात.

मात्र केवळ निदान पुरेसे नाही. राज्यात कायम वा हंगामी वास्तव्य हवे. शिवाय विहित प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरने प्रत्यक्ष तपासून रुग्णाचे नाव शासकीय नोंदवहीत चढवावे लागते. अल्पवयीन रुग्णासाठी दुसऱ्या डॉक्टरची सहमतीही लागते. ७५ डॉलर शुल्काच्या या कार्डाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते.

डॉक्टर येथे नेहमीची औषधचिठ्ठी देत नाही, प्रमाणपत्र देतो. संघीय कायद्यात अशा चिठ्ठीला मुभा नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या, पण अद्याप तेथील नागरिक नसलेल्या भारतीयांसाठी खरी मेख येथेच आहे. राज्याने वैध ठरविलेले गांजासेवनही नागरिकत्वाच्या अर्जात सच्चारित्र्याच्या निकषावर बाधक ठरू शकते, असे तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवेने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे ग्रीन कार्डधारक रुग्णाने डॉक्टरपूर्वी स्थलांतरविषयक वकिलाला गाठणे अधिक सुरक्षित.