जुन्या फायबरच्या होडीला रंग द्यायचाय? आधी ती वाजवून बघा

नौदलाची 'तारिणी' आठवते? ही शिडाची नौका १० सप्टेंबर २०१७ला सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन गोव्यातून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ला परतली. मग २ ऑक्टोबर २०२४ला तीच नौका पुन्हा त्याच वाटेला लागली. या वेळी तिच्यावर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच होत्या. २९ मे २०२५ला त्या सुखरूप परत आल्या. तारिणी आणि तिच्या आधीची 'म्हादेई' या दोन्ही नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या. म्हादेईवरूनच दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले.

तारिणीची बॉडी म्हणजे मधे लाकडाचा गाभा आणि दोन्ही बाजूंनी फायबरग्लास. थोडक्यात, फायबरची होडी नीट बांधली आणि सांभाळली तर दक्षिण महासागरसुद्धा दोनदा झेलते. पण जुन्या होड्यांच्या बाजारात गेलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "बाकी सगळं ओके आहे, फक्त रंगाचं काम आहे."

हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं.

फायबरग्लास म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट किंवा कापड, रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवलेलं. सगळ्यात बाहेर जेलकोट नावाचा चकचकीत थर असतो, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. आपल्याला 'रंग' वाटतो तो हाच. जेलकोट पूर्णपणे जलरोधक नसतो. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या होडीत पाणी अगदी हळूहळू आत झिरपतं आणि रेझिनमधल्या न जमलेल्या रसायनांना विरघळवतं. आत घट्ट द्रावण तयार झालं की ते बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतं. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगतात ना, तेच इथे होतं. मग बुडाला फोड येतात. फोड फोडला तर आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी निघतं. (फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा, आतलं पाणी दाबाखाली असतं.)

एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'आपली होडी कुठे समुद्रात आहे, ती तर धरणात असते' असं बरेच जण म्हणतात. पण गोड्या पाण्यात हे फोड उलट लवकर येतात, कारण बाहेरचं पाणी जितकं कमी खारट, तितका आत शिरण्याचा जोर जास्त. म्हणजे खडकवासल्याच्या जलाशयात किंवा वढू बुद्रुकजवळून वाहणाऱ्या भीमेत कायम तरंगत ठेवलेली होडी मुंबईच्या बंदरातल्या होडीपेक्षा सुरक्षित आहे, असं मुळीच नाही. वापर झाला की बाहेर काढून ठेवणं हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय.

आता तपासणी. आपण मडकं घेताना वाजवून घेतो, होडीचंही तसंच. प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने किंवा नाण्याने संपूर्ण बॉडी टकटक करत जायचं. खणखणीत आवाज आला तर थर घट्ट आहेत. मधेच बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेत किंवा आतला गाभा ओला झालाय. त्या जागेभोवती पेन्सिलने गोल करायचा. ओल आहे का हे बघायला जुना रंग खरवडून एक चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवायचं. आतून दव धरलं तर होडी ओली आहे.

ओल्या भिंतीवर डिस्टेंपर मारला की दिवाळीपर्यंत पोपडे येतात, हे प्रत्येक घराला माहीत आहे. होडीचंही तेच होतं. म्हणून फोड आलेला भाग घासून उघडा करायचा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा, कारण आतली रसायनं धुऊन गेली नाहीत तर ती हवेतलंच बाष्प ओढत राहतात. मग वाळवायचा. याला आठवडे लागतात, कधी महिने.

आपल्याकडे नेमकी इथेच गोची होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे होड्या पावसाळ्यात वर ओढलेल्या असतात आणि डागडुजीही तेव्हाच काढली जाते. इंजिनाच्या, जाळ्यांच्या कामाला हे ठीक. पण फायबर वाळवायला त्याहून वाईट काळ नाही. दसऱ्यानंतर काम सुरू करावं, मे उजाडायच्या आत संपवावं.

भोक किंवा तडा असेल तर कडा तिरक्या घासाव्या लागतात, साधारण जाडीच्या बारा पट. बॉडी ५ मिलिमीटर जाड असेल तर भोकाभोवती ६ सेंटिमीटर उतार हवा. त्यावर कापडाचे थर बसतात. नुसतं भोक लांबीने बुजवलं तर ते ठिगळ पहिल्या जोरदार दणक्यात गळून पडतं.

दुकानात स्वस्त पडतं ते पॉलिएस्टर रेझिन. नवी होडी ओतायला ते चालतं, पण जुन्या, वाळलेल्या पृष्ठभागाला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. मात्र इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट बसत नाही, म्हणून दुरुस्तीनंतर वर जेलकोट न लावता बहुधा रंगच दिला जातो. इपॉक्सीसोबत साधी चुरा मॅट न वापरता विणलेलं कापड घ्या, कारण बऱ्याच मॅटमधला चिकटवणारा पदार्थ पॉलिएस्टरमध्येच विरघळतो.

पॉलिएस्टरसोबत दोन बाटल्या मिळतात, कोबाल्ट आणि हार्डनर. या दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडू शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. उन्हाळ्यात इपॉक्सी थोडंथोडंच कालवा. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताळायला मिळणारा वेळ जवळपास निम्मा होतो, आणि डब्यात साठून राहिलेलं मिश्रण तापून धूर सोडतं.

घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो. टू-पॅक पॉलियुरेथेन रंग फवारायचा असेल तर धुळीचा मास्कही पुरत नाही. त्यातले आयसोसायनेट दम्याचा कायमचा त्रास मागे ठेवू शकतात. घरच्या घरी करणार असाल तर रोलर आणि ब्रशच बरा.

रंग निवडताना पांढरा किंवा फिका घ्या. आपल्या उन्हात गडद बॉडी इतकी तापते की आतल्या कापडाची वीण वरून दिसू लागते. हिवाळ्यात पहाटे बॉडीवर दव असतं, ते पूर्ण सुकल्यावरच पहिला हात मारा आणि संध्याकाळचं दव पडायच्या आत थांबा. समुद्रात राहणाऱ्या होडीच्या बुडाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून वेगळा रंग लागतो, धरणातल्या होडीला तो खर्च टाळता येतो.

इतकी खटपट करण्यापेक्षा होडी फेकून द्यावी, असंही वाटेल. पण लोखंडाला भंगारवाला घेतो, लाकूड चुलीत जातं, फायबर कुणीच घेत नाही. एकदा घट्ट झालेलं हे रेझिन पुन्हा वितळत नाही. म्हणून ती किनाऱ्यावर नाहीतर धरणाच्या काठी वर्षानुवर्षं पडून राहते.