वेगाचा काटा आणि घाटाचे वळण
पोलादपूर तालुक्यातील कुडपणजवळ जानेवारी 2021 मध्ये लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रक दरीत कोसळला. अशा घाटात गाडीचा खरा वेग चालकास ठाऊक असावा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये. ताशी 40 किलोमीटरला तो 48 पर्यंत दाखवू शकतो. हा फरक म्हणजे वेग वाढविण्याची सवलत नव्हे. मूळ मापाहून मोठे टायर बसविल्यास काटा कमी वेग दाखवू लागतो. मोटार वाहन कायद्याच्या 2019 मधील दुरुस्तीनुसार वेगमर्यादा ओलांडल्यास हलक्या वाहनास 1000 ते 2000, तर जड वाहनास 2000 ते 4000 रुपये दंड आहे. घाटात पोलीस नसतीलही. पण वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लागल्यापासून थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते. व्यापाऱ्याने मालगाडीच्या चालकास वेळेची घाई लावू नये.