एप्रन तोच, वॉर्ड नवा

एमबीबीएसची साडेचार वर्षं संपून शेवटचा निकाल लागला की घरचे मुलाच्या किंवा मुलीच्या नावामागे लगेच 'डॉक्टर' लावून मोकळे होतात. डिग्री हातात पडायला मात्र अजून एक वर्ष असतं. या वर्षाला इंटर्नशिप म्हणतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या वर्षात मूल नेमकं काय करतं ते फार थोड्या घरांत ठाऊक असतं. म्हणून हा लेख.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी या वर्षाचे बावन्न आठवडे वाटून दिले आहेत. सर्वांत जास्त, बारा आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्राला, म्हणजे बहुतांशी खेड्यातल्या आरोग्य केंद्राला. स्त्रीरोग आणि प्रसूतीला सात, मेडिसिन आणि सर्जरीला प्रत्येकी सहा, बालरोगाला तीन. भूल, मनोविकार, अस्थिरोग, कान-नाक-घसा, डोळे आणि कॅज्युअल्टी यांना दोन-दोन. त्वचारोग आणि न्यायवैद्यक यांच्या वाट्याला जेमतेम आठवडा. उरलेले चार आठवडे स्वतःच्या आवडीच्या विषयांसाठी. तसे दुसऱ्या वर्षापासूनच विद्यार्थी वॉर्डात जायला लागतात, पण तेव्हा घोळक्यात मागे उभं राहून मान उंचावून बघायचं असतं. इंटर्नला सुई हातात धरावी लागते.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. कुठल्याही शाखेतला नाट्यमय भाग सगळ्यांनाच आवडतो. हृदयाचं ऑपरेशन, जुळ्यांचा जन्म, अवघड आजाराचं अचूक निदान, हे कोणाला नको असतं? पण पुढच्या शिक्षणासाठी शाखा निवडायची ती तिच्या रोजच्या रटाळ कामावरून, आणि हे रटाळ काम दिसतं फक्त पोस्टिंगमध्ये, म्हणजे त्या-त्या विभागात काढलेल्या या आठवड्यांत.

मेडिसिनच्या वॉर्डात ते सकाळी सहाला सुरू होतं. इंटर्न ट्रे घेऊन खाटेखाटेशी जातो. ट्रेमध्ये सिरिंजा, स्पिरिटचा बोळा, दंडाला बांधायची रबरी पट्टी आणि बल्ब. दवाखान्याच्या भाषेत बल्ब म्हणजे रक्त भरायची छोटी नळी. जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये ईडीटीए असतं, त्यात सीबीसीचं रक्त. करड्या टोपणात फ्लोराइड, ते साखरेसाठी; कारण नळीतल्या पेशी साखर खात राहतात आणि रिपोर्ट उगाच कमी येतो. निळ्या टोपणाचा बल्ब रक्त गोठण्याच्या तपासणीचा. त्यात रेघेपर्यंतच रक्त भरायचं, कमी पडलं की लॅब तो परत पाठवते. लाल टोपणाचा प्लेन. रक्त कमी पडलं म्हणून एखाद्याने जांभळ्यातलं थोडं लालमध्ये ओतलं, तर त्यातल्या ईडीटीएमुळे पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं आणि धडधाकट माणसाचा ईसीजी काढायची पळापळ होते. हे पुस्तकात असतं, पण ट्रे हातात येईपर्यंत कोणाच्या डोक्यात बसत नाही.

शीर शोधण्याची कला तर पुस्तकात नसतेच. वारंवार भरती होणाऱ्या आजी नवख्या इंटर्नला स्वतःच शिकवतात: "डाक्टर, त्या हाताला शीर घावत न्हाई, ह्या हाताला बघा." वॉर्डातल्या सिस्टर आणि मामा-मावश्याही असंच शिकवत असतात. लेक्चररपेक्षा त्यांच्याकडून जास्त शिकलो असं सांगणारे डॉक्टर मला पुष्कळ भेटले आहेत.

रक्त गेलं, रिपोर्ट आले, राउंड झाला, की मग मेडिसिनचं खरं रूप दिसतं. इन्शुलिनचे दोन युनिट वाढवायचे, बीपीची गोळी बदलायची, मूत्रपिंडाचे आकडे रोज मांडायचे. तोच पेशंट महिन्याने पुन्हा येणार, गोळ्या सोडलेल्या असणार, आणि त्याला न चिडता तेच पुन्हा सांगायचं. यात ज्याला गोडी वाटते तो फिजिशियन व्हावा.

सर्जरीचं स्वप्न पाहणारा इंटर्न ऑपरेशन थिएटरमध्ये बराच वेळ रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा बाजूला ओढून ठेवायचं हत्यार, धरून उभा असतो. उरलेला वेळ जातो ड्रेसिंगमध्ये. मधुमेहाने सडलेल्या पायाचं ड्रेसिंग काय असतं, त्या वासासकट, हे सर्जरी घेऊ म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी अनुभवायला हवं. त्या पायाशी बसून, मेलेली त्वचा चिकाटीने कापणारी आणि त्याच वेळी पेशंटशी त्याच्या उसाबद्दल बोलणारी मुलगी सर्जन होणार, हे तिच्या युनिटला तिच्या आधी कळतं.

प्रसूतीगृह हे सगळ्यांत गजबजलेलं पोस्टिंग. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके मोजायचे, ते ११० ते १६० च्या आत हवेत. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते पार्टोग्राफच्या तक्त्यावर मांडायचं. रेघ सावधानतेच्या रेषेपलीकडे सरकली की वरिष्ठांना हाक. बाळ जन्मलं की मिनिटभरात आईला ऑक्सिटोसिनचे दहा युनिट, रक्तस्राव आवरावा म्हणून. ते एक इंजेक्शन वेळेवर देणं ही इथली सर्वांत मोठी गोष्ट, आणि त्याचं कौतुक कोणी करत नाही. झोप मात्र विसरायची.

भुलेच्या पोस्टिंगला मुलं आराम मिळेल म्हणून जातात आणि पुष्कळदा मत बदलून येतात. थिएटरमध्ये पल्स ऑक्सिमीटर टिकटिकत असतो. रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्याचा सूरही खाली येतो. मुरलेला भूलतज्ज्ञ पडद्याकडे पाठ असतानाही त्या सुरावरून वळतो. सगळं सुरळीत चाललं तर त्याला तासन्‌तास काहीच करायचं नसतं, पण क्षणभरही गाफील राहायचं नसतं. पेशंटला बहुधा त्याचं नावही माहीत नसतं. ज्याला वाहवा हवी असते, त्याने इकडे वळू नये.

मनोविकार विभागात बल्ब नाहीत, कात्री नाही. नातेवाइकांना बाहेर बसवून पेशंटचं पाऊण तास ऐकायचं. ज्या इंटर्नला वॉर्डात सगळे 'संथ' म्हणायचे तो इथे अचानक उठून दिसतो. अस्थिरोगात कच्चं प्लॅस्टर आणि पक्कं प्लॅस्टर हाताला बसतं, कॅज्युअल्टीत पोलीस केसची कागदपत्रं. डोळे आणि कान-नाक-घसा यांच्याशी दोन-दोन आठवड्यांत ओळख होते, मैत्री होत नाही.

खेड्यातले बारा आठवडे हा अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतो. मला तसं वाटत नाही. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात सहा, दहा, चौदा आठवड्यांची बाळं मांडीवर घेऊन बसलेल्या आया, आशाताईची वही, घरोघरच्या गरोदर बायकांची यादी. आजार दवाखान्यात येण्याआधी कुठे असतो ते इथे दिसतं. याचं उदाहरण म्हणजे डॉ. हिंमतराव बावस्कर. ते १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं, त्यातही मुलं, मरताना त्यांनी पाहिली. विषाने रक्तदाब भडकतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हे त्यांनी खाटेशेजारी बसून टिपलं. त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी लागू पडते हे दाखवून दिलं आणि ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंश ही कुठल्याही शाखेची मिरास नव्हती. मोठ्या रुग्णालयाच्या युनिटमध्ये बसून तो प्रश्न कदाचित दिसलाच नसता.

एवढं सगळं शिकवणारं वर्ष प्रत्यक्षात कसं जातं? खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये प्रश्नसंच. नीट-पीजीच्या परीक्षेत दोनशे बहुपर्यायी प्रश्न, आठशे गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. या परीक्षेच्या क्रमांकावर पुढची शाखा ठरते. शीर शोधण्याला, ड्रेसिंगला, पाऊण तास ऐकण्याला त्यात एकही गुण नाही. मग इंटर्न पोस्टिंगला हजेरी लावून लायब्ररीत पळतो आणि शेवटी कम्प्लिशनच्या सह्या गोळा करतो. मी मुलांना दोष देत नाही. ज्या वर्षी वॉर्ड शिकायचा त्याच वर्षी पाठांतराची शर्यत लावणाऱ्यांचा हा दोष आहे. परिणाम असा की रेडिओलॉजी आणि त्वचारोगाच्या जागा पहिल्या फेरीतच उडतात, ॲनॅटॉमी-फिजिऑलॉजीच्या रिकाम्या राहतात. २०२३ मध्ये तर रिकाम्या जागा भरायला पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली.

गुण पाहून शाखा घ्यावी लागते हे खरं, पण पसंतीक्रम भरताना थोडीफार निवड हातात असतेच. ती वापरण्यासाठी एक गोष्ट करता येते. यादीत वर लिहायच्या शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटबरोबर एमर्जन्सीची एक अख्खी रात्र काढा. शाखेचं नाव, कमाई, सुट्ट्या हे नंतर विचारा; आधी रात्री अडीचला तो काय करतोय ते पाहा, आणि ते काम आपल्याला पुढची तीन वर्षं रोज करवेल का ते ठरवा. आईवडिलांना विनंती एवढीच, की ती रात्र संपवून आलेल्या मुलाला 'मग काय घेणार?' हे लगेच विचारू नका. आधी झोपू द्या.