विरारच्या किनाऱ्यावर मुक्काम: समुद्र खारा, विहीर गोड

विरारला पश्चिमेला उतरायचं, अर्नाळ्याची बस पकडायची. आगाशी मागे पडली की वाड्या सुरू होतात आणि मग सुरूच्या बनातून वारा लागतो. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब असा हा पट्टा. रिसॉर्टं आहेत, छोटी हॉटेलं आहेत, वाडीतल्या घरगुती खोल्याही आहेत. बहुतेक मंडळी सकाळी येतात, तरणतलावात डुंबतात, जेवतात आणि चहा-भजी घेऊन संध्याकाळच्या लोकलने परततात. माझ्या मते, एक रात्र राहिल्याशिवाय हा किनारा कळतच नाही. राहायला जाताना सोबत न्यायच्या या काही गमतीच्या गोष्टी.

पहिली गाडी विरारचीच

मुंबईच्या पश्चिम मार्गावरची पहिली उपनगरी गाडी धावली १२ एप्रिल १८६७ रोजी, आणि ती विरारहून. विरार ते बॅकबे, दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक. तेव्हा चर्चगेट स्टेशनसुद्धा नव्हतं. विजेची गाडी विरारला पोचायला मात्र १९३६ साल उजाडलं.

सम्राट अशोक आणि सहल

विरारशेजारच्या सोपाऱ्यात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला. सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखाचा विषय काय असावा? सहल! पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी विहारयात्रेला जात. आपण मात्र धम्मयात्रेला जातो, लोकांना भेटतो, दानधर्म करतो, असं अशोक त्यात सांगतो.

पुढे १९५६ मध्ये वसईच्या भुईगावात नववा शिलालेख सापडला. लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर आणि प्रवासाला निघताना कोणकोणती मंगलकार्यं करतात, याचा त्यात उल्लेख आहे. आज भुईगावचा किनाराच सहलीचं ठिकाण आहे. आठव्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. विरारला येण्याआधी तो बघून यावा.

ती सुरूची पानं नव्हेतच

हॉटेलच्या अंगणात सुरूच्या ज्या हिरव्या सुया पडलेल्या असतात, त्या खरं तर बारीक डहाळ्या. नीट पाहिलं तर डहाळीवर सांधे दिसतात, आणि प्रत्येक सांध्यावर दातऱ्यांसारखे इवलेसे खवले. तीच सुरूची पानं. मूळ आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचं हे झाड आपल्याकडे वाळू धरून ठेवायला लावलं गेलं.

कॅलेंडर बघा, भरती काढा

कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब रिसॉर्टच्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा उपयोगी आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी आणि ओहोटी या दोहोंच्या मधोमध. हा अंदाज आहे, थोडं मागंपुढं होतं. पण किनाऱ्यावर फिरायला कधी जायचं हे ठरवायला पुरेसा आहे. मुलांनाही हे गणित फार आवडतं.

बोंबील चंद्रावर चालतो

तुमच्या ताटातल्या बोंबलाचा या तिथीशी थेट संबंध आहे. बोंबील पकडायचं जाळं म्हणजे डोल: समुद्रात एका जागी बांधलेली लांबच लांब पिशवी. कोळी माशाच्या मागे जात नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासा डोलीत आणून घालतो. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, पाण्याला जोर असताना, डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी सुस्त, जाळं हलकं. ताजे बोंबील खायचे तर उधाणाचे दिवस गाठा.

या माशाच्या अंगात पाणी इतकं, की तळण्याआधी तो वजनाखाली दाबून ठेवावा लागतो, मगच रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळून कुरकुरीत होतो. सुकवायची रीतही बघण्यासारखी आहे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूवर टांगतात. दोरी नको, खिळा नको. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात पावसाळा सरल्यावर अशा बोंबलांच्या रांगाच रांगा दिसतात. वास तिखट असतो खरा, पण तिथे नाक धरून चालू नका. कित्येक घरांची वर्षाची मिळकत तिथे वाळत असते.

राज्यमासा

पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. त्यासाठी पाठपुरावा केला तो आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी. त्याच वर्षी सरकारने अनेक माशांना किमान लांबीचं बंधन घातलं, म्हणजे अंडी घालण्याआधीच पिल्लं पकडली जाऊ नयेत. तेव्हा थाळीत तळहाताएवढंही नसलेलं पापलेट आलं, तर पुढच्या वेळी ते मागवू नका.

जून-जुलैत काय खायचं?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. या काळात खाडीच्या चिंबोऱ्या, कोलंबी आणि चिखलावर चक्क चालणारी निवटी यांची मजा असते. शिवाय सुका जवळा, सुके बोंबील आणि गरम तांदळाची भाकरी. पावसाळी मुक्कामाला याहून मोठी मेजवानी मला ठाऊक नाही.

ताडीचे फुगे

पहाटे उतरवलेली नीरा ऊन चढलं की आंबते आणि ताडी होते. हीच ताडी वसईच्या ख्रिस्ती घरांत पीठ फुगवायला वापरत आणि त्यातून नाताळाचे, लग्नाचे गोल गोल फुगे तळले जात. सोबत इंदियाल हा मांसाचा पदार्थ आणि उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरलेला बाटली मसाला. हे पदार्थ हॉटेलच्या मेनूवर क्वचित असतात. आधी फोन करून विचारलंत तर एखाद्या घरगुती ठिकाणी मिळून जातात. विचाराच.

बेटावर गोडं पाणी!

आता या किनाऱ्याची सगळ्यात मोठी नवलाई. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे. होडीने काही मिनिटांत पोचता येतं. पोर्तुगीजांकडून तो १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, दरवाज्यावर बाजीराव पेशव्यांच्या काळातला शिलालेख आहे, शेजारी हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत. आत अष्टकोनी तळं आहे आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. चारही बाजूंनी खारा समुद्र असताना तटाच्या आत लोक चक्क भाजी पिकवतात.

हे होतं कसं? गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, वरणावरच्या तुपासारखं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला डच आणि जर्मन अभ्यासकांनी याचं प्रमाणही मांडलं: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर उंच असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. याची उलट बाजूही तितकीच खरी. उपसा करून पातळी एक मीटर खाली आणली, की खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू शकतं.

विरार-वसईच्या जुन्या माणसांनी हे सूत्र न वाचताच सांभाळलं. त्यांनी वाड्यांमध्ये बावखलं खणली. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं आणि जमिनीत मुरवणारं तळं. त्यावर रहाट चालले, त्यावरच केळी, पानवेली, सोनचाफा आणि भाजी वाढली. आगाशीची सुकेळी याच पाण्याची. पिकलेली राजेळी केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवायची आणि केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. साखरेचा कण नाही, तरी गूळ खाल्ल्यासारखं वाटतं. ब्रिटिशांच्या गॅझेटियरनेसुद्धा आगाशीच्या सुक्या केळ्यांची वाखाणणी केली आहे. मुक्कामाहून परतताना चॉकलेटं कसली घेता, सुकेळी घ्या.

बावखलं आता झपाट्याने बुजत आहेत, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, आणि हे पाहून जीव तुटतो. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांनी 'हरित वसई संरक्षण समिती'च्या लढ्यात याच पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी आयुष्याची कित्येक वर्षं घातली. विहिरी खारावल्या तर वाडी जाईल. वाडी गेली की केळी, भाजी, चाफा सगळं जाईल. मग पाहुण्याने समुद्राकाठच्या हॉटेलात बसून बाहेरून आलेलं जेवण तरी कशाला जेवायचं?

किल्ल्याचं नाव नौदलात

१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला भारतीय नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी जहाजाचं नाव आहे 'आयएनएस अर्नाळा'. उथळ पाण्यात काम करणाऱ्या अशा सोळा जहाजांतलं हे पहिलं. याच नावाचं आधीचं जहाज १९९९ पर्यंत सेवेत होतं.

निघण्यापूर्वी

ओहोटीच्या वेळी पाण्यात शिरू नका, पावसाळ्यात तर मुळीच नको. किनाऱ्यावरच्या कोळ्याने "आत जाऊ नका" म्हटलं की वाद न घालता मागे फिरा. बेटावर जायचं असेल तर शेवटच्या होडीची वेळ आधीच विचारून ठेवा.

आणि खोली ठरवताना हॉटेलवाल्याला दोन प्रश्न जरूर विचारा: तुमचं पाणी कुठून येतं, आणि आज मासा कुठला आहे? विहीर जपणारा आणि कोळीवाड्यातून मासे घेणारा मालक भेटला, तर तिथेच उतरा. खोली साधी असली तरी चालेल.