बंद पंखांचा पत्ता

सह्याद्रीच्या ओल्या रानात एक फुलपाखरू आहे, ते पंख मिटून बसलं की नजरेतून हरवतंच. मागच्या पंखाची शेपटी म्हणजे देठ, पुढच्या पंखाचं टोक म्हणजे पानाचं टोक, आणि दोन्हींमधून ओढलेली गडद रेघ म्हणजे मधली शीर. बुरशीचे डागसुद्धा जागच्या जागी. हा ब्लू ओकलीफ, शास्त्रीय नाव कॅलिमा हॉर्सफिल्डी. पश्चिम घाटाबाहेर तो सापडत नाही. फुलांवरही फारसा येत नाही. झाडाचा पाझरता रस किंवा सडकं फळ त्याला जास्त प्रिय. बागेत फुलपाखरं पाहणाऱ्यांना तो माहीत नसतो याचं अर्धं कारण हेच.

नाव दिलं व्हिएन्नाच्या व्हिन्सेंझ कोलारने, १८४४ मध्ये, ऑस्ट्रियन प्रवासी ह्यूगेलच्या काश्मीरवरच्या ग्रंथात. त्याच ग्रंथात हिमालयातल्या भाईबंदाला त्याने ह्यूगेलचंच नाव दिलं. तो आज ऑरेंज ओकलीफची, म्हणजे कॅलिमा इनाकसची, उपजाती मानला जातो. ऑरेंज ओकलीफ हिमालयात तर आहेच, शिवाय सातपुड्याच्या रांगेत पचमढी, अमरकंटकलाही आहे. पंख उघडले की दोघांत गोंधळ नाही: सह्याद्रीवाल्याच्या पुढच्या पंखावर फिकट निळा आडवा पट्टा, दुसऱ्याच्या पंखावर रुंद नारिंगी.

पण ते पंख उघडतात कधी? मिटल्यावर दोघंही वाळकं पान. त्यातही एकाच रानातली दोन फुलपाखरं एकमेकांसारखी नसतात. कोणी पिवळट, कोणी तपकिरी, कोणी शिरांच्या जाळीचं. २०२२ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासाने या वेगवेगळ्या नक्ष्यांचं मूळ 'कॉर्टेक्स' नावाच्या जनुकाशी जोडलं. म्हणजे खालच्या बाजूची नक्षी पाहून जात सांगणं धोक्याचंच.

मग मिटल्या पंखांच्या फोटोला नाव देतात कशावरून? ठिकाणावरून. सह्याद्रीतल्या आंबोलीचा असेल तर ब्लू, पचमढीचा असेल तर ऑरेंज. आणि तेच नाव पुढे नकाशावरचा ठिपका होतं. ठिकाणावरून नाव, नावावरून ठिकाण. पुरावा स्वतःचीच साक्ष काढतो. आंबोलीत किंवा पचमढीत यानं बिघडत नाही. बिघडतं ते सह्याद्री आणि सातपुडा एकमेकांजवळ येतात तिथे: डांग, नाशिक-नंदुरबारचा पट्टा, तापीचं खोरं. तिथला मिटल्या पंखांचा फोटो मी तरी प्रजातीच्या नावाने नोंदवणार नाही. 'कॅलिमा' एवढंच लिहावं आणि थांबावं.

जुनी माणसं या बाबतीत आपल्यापेक्षा चिवट होती. डेव्हिडसन, बेल आणि एटकन या तिघांनी उत्तर कानडा जिल्ह्याच्या फुलपाखरांवर १८९६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. डेव्हिडसन कलेक्टर, बेल वनाधिकारी, आणि एटकन मिठाच्या व जकातीच्या खात्यातला, जन्माने साताऱ्याचा. कारवारच्या रानातून ते अळ्या आणत, पाला घालून वाढवत, कोषातून काय निघतं ते पाहत. अळी कोणत्या झाडावर सापडली हेही नोंदवत.

बेथम या आणखी एका अभ्यासकांची मध्य प्रांताच्या फुलपाखरांची यादी त्याच काळातली. माथेरानची ७८ फुलपाखरंही त्यांनीच १८९४ मध्ये नोंदवली. तिथली पुढची मोठी पाहणी २०११ ते २०१९ मध्ये झाली आणि आकडा निघाला १४०. त्यातली ७७ आधीच्या यादीत नव्हती. मुंबईपासून इतक्या जवळच्या डोंगराची ही कथा!

हैदराबादच्या गौलीगुड्यात राहून कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळणाऱ्या माझ्यासारख्याला या याद्यांतली एक उणीव चटकन दिसते. उत्तर कानडा मुंबई इलाख्यात, बेथम यांची यादी मध्य प्रांताची. निजामाचा मुलूख दोन्हींच्या बाहेर. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबादशी जोडलेला होता, आणि अजिंठ्याच्या डोंगरांचा औरंगाबादकडचा भाग त्यातच. सह्याद्री आणि सातपुड्याच्या मधली नेमकी तीच रांग त्या याद्यांतून निसटली. आज तिथे गौताळा अभयारण्य आहे, १९८६ पासून. डोंगर कोरडा, पानगळीचा. पण ओढ्याकाठी गारवा असतो.

तिथे ओकलीफ शोधायचं तर कारवीपासून सुरुवात करावी. ओकलीफच्या अळ्या कारवीच्या कुळातल्या झुडपांवर वाढतात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि सगळी वाळते. मुंबईच्या संजय गांधी उद्यानात २०१६ मध्ये तसा बहर आला होता. अशा बहरानंतरच्या पावसात जमिनीवर नुसती रोपं उरतात. अशा साली अळ्यांसाठी त्याच गटातली दुसरी झुडपंही तपासावी लागतील. काटेरी अळी सापडलीच तर वनखात्याची परवानगी काढून ती पाल्यासकट वाढवावी. कोषातून निघालेलं फुलपाखरू पंख वाळवून उघडतं तेव्हा पट्ट्याचा रंग बघावा, तारीख, उंची आणि झुडपाचं नाव लिहावं, आणि ज्या ओढ्यावरून अळी आणली तिथेच ते सोडून द्यावं.